कारागिराचा स्वभाव आणि कामाचे मोल

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील जुनी देवालये व तेथील उंच दगडी स्तंभ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो कोणाच्या छिन्नीने घडला? नाव उरलेले नाही. अशा बांधणीस आपण हेमाडपंती म्हणतो. परंतु हेमाद्री पंडित हा यादवांचा करणाधिप होता. दगडाला हात लावणाऱ्या पाथरवटाचे नाव गेले आणि कारभाऱ्याचे राहिले! तो पाथरवट भांडखोर होता की शांत, हे न कळल्याने त्या कामाचे मोल मात्र तसूभरही घटलेले नाही.

आमच्या सुवर्णकारीस हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही. दगडी काम सर्वांसमोर उघडे उभे असते; सोन्यातील हीण डोळ्यांस दिसत नाही. कसोटीवरील रेघ वरचा थर सांगते. सांधा झाळताना आत काय गेले, ते सांगत नाही. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा. त्यांतील ज्या गुंजेचा हिशेब गिऱ्हाइकास ठेवता येत नाही, ती सोनाराच्या सचोटीवर सोपविलेली असे. आपल्याविषयीची ती प्रसिद्ध म्हण वाचकांस ठाऊक आहेच. ती येथे पुन्हा छापण्याचे कारण नाही. पण सोनारानेच कान टोचावेत, असेही लोक म्हणत आले, हे विसरू नये. सचोटी हा येथे कामाचाच भाग होय.

स्वभावाची गोष्ट निराळी. ज्यांची पुण्यतिथी आपण माघ वद्य तृतीयेस पाळतो, त्या संत नरहरी महाराजांची परंपरागत कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई ज्या विठ्ठलासाठी वेड्या झाल्या, त्याच्या पंढरीत राहूनही हे कट्टर शिवभक्त त्याचे मुखही पाहत नसत. नवस फेडू पाहणारा सावकार देवाचा सोन्याचा करदोडा घडविण्यासाठी तरीही यांच्याचकडे आला. हा मनुष्य आपल्या देवास मानीत नाही म्हणून त्याने दुसरा सोनार शोधला नाही. त्यास उत्तम हात हवा होता. परंतु नरहरींनी देव न पाहता, दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम केले. करदोडा एकदा सैल झाला, एकदा तंग झाला. शेवटी डोळ्यांस पट्टी बांधून ते स्वतः माप घेण्यास गेले, तेव्हा हाताला शिवाची चिन्हे लागली आणि पट्टी सोडताच समोर विठ्ठल उभा! कथेचा भक्तिपर अर्थ कीर्तनांतून आपण ऐकतोच. आम्हांस कारागीर म्हणून एवढेच दिसते की, हट्ट जोवर मनात होता तोवर सावकाराचे काही अडले नाही; तो मापात उतरला तेव्हा करदोडा परत आला.

दिनांक 9 जानेवारी 1963 रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले व चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. सचोटीचा आणि लबाड, दोघांच्याही शेगड्या एकदमच थंडावल्या. माणूस पाहिलाच गेला नाही. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला. पुढे 2000 साली भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना आली आणि 16 जून 2021 पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. आता शुद्धता शिक्क्यावरून कळते. तो भार कारागिराच्या चारित्र्यावरून उतरला, हे आम्हांस इष्टच वाटते.

मग घडणावळीत पाहावयाचे ते काय? नक्षीची सफाई, सांध्याची मजबुती, मण्यांचा सारखेपणा. असे असता आपणच सत्काराच्या वेळी गोड बोलणाऱ्याचे नाव पुढे करतो आणि ज्याच्या ठुशीचा एक मणीही ढळत नाही, त्या तापट वृद्धास 'कोणाशी पटत नाही' म्हणून मागे ठेवतो. आम्हीही असे एकदा केले आहे. तो कारागीर पुढल्या वर्षी राहिला नाही.

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड आदी ठिकाणच्या समाजबांधवांनी घरातील जुने दागिने एकदा बाहेर काढावेत आणि ते कोणी घडविले, त्याचे नाव वडीलधाऱ्यांस विचारून पुढील स्मरणिकेसाठी लिहून पाठवावे. स्वभावाविषयी काही आठवत असल्यास तेही अवश्य लिहावे, दागिन्याच्या वर्णनानंतर.