अटलांटाच्या सिनेटमधले दोन नवे चेहरे

14 जानेवारी 1963. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन अटलांटामध्ये सुरू होत होतं. त्या सकाळी एका नव्या सिनेटरला आपल्याला शपथ मिळणार की नाही, हेच नक्की माहीत नव्हतं. दुसऱ्याला शपथ मिळणार होती. पण त्याच इमारतीतल्या कोणत्या नळाचं पाणी त्याने प्यायचं, हा प्रश्न होता. पहिला जिमी कार्टर, दुसरा लीरॉय जॉन्सन.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. सिनेट म्हटलं की आपल्याला वॉशिंग्टन आठवतं, पण तिकडे जवळपास प्रत्येक राज्याचं स्वतःचं सिनेट असतं. आपल्या विधान परिषदेसारखं वरचं सभागृह, फक्त सदस्य थेट लोकांनी निवडलेले. जॉर्जियात आजही वर्षाला 40 दिवसांचं अधिवेशन, जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारपासून. उरलेलं वर्ष सिनेटर आपापल्या धंद्यात. त्यामुळे तिथे पोचतो कोण? हिवाळ्यात ज्याचं काम सांभाळायला कुणीतरी आहे तो. मोठा शेतकरी, वकील, दुकानदार. रोजंदारीवरचा माणूस नाही.

1962 पर्यंत तर आणखी गंमत होती. बहुतेक मतदारसंघ तीन-तीन काउंट्यांचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण बराच लहान). तिघींनी पाळीपाळीने दोन वर्षांसाठी सिनेटर पाठवायचा. म्हणजे कामाची माहिती होते न होते तोच माणूस घरी, आणि पुढचा कोण हे गावातले पुढारी ठरवणार. आणि अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत आहे, तिथल्या लाखो लोकांना मिळून एकच सिनेटर.

मार्च 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा वाटणीविरुद्ध कोर्टात दाद मागता येईल. त्यानंतर जॉर्जियाला घाईघाईने खास अधिवेशन बोलावून सिनेटचे मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे आखावे लागले. फुल्टनच्या वाट्याला एकाऐवजी सात जागा आल्या. आणि उमेदवारांच्या हातात प्रचाराला जेमतेम काही आठवडे.

कार्टर तेव्हा 38 वर्षांचे. नौदलात पाणबुड्यांवर काम केलेले, वडील वारल्यावर प्लेन्स या गावी परतून शेंगदाण्याचा व्यवसाय सांभाळणारे. पक्षांतर्गत निवडणुकीत ते पुढे होते, तोवर क्विटमन काउंटीचे आकडे आले. तिथला पुढारी जो हर्स्ट लोकांना उघड्यावर, आपल्या डोळ्यांदेखत मतं टाकायला लावत होता. मतदान केलं 333 जणांनी, मतं निघाली 420. (हा आकडा वाचून आपल्याकडे कुणीही हसेल, जॉर्जियात त्याचा अर्थ कळायला कोर्टात जावं लागलं.) मयत माणसांनीही मत दिलं होतं, आणि शंभराहून जास्त मतदार तर म्हणे नावाच्या अक्षरक्रमाने रांगेत येऊन गेले होते! जॉन पेनिंग्टन या पत्रकाराने हे खणून काढलं, चार्ल्स किर्बो या वकिलाने कोर्टात लढवलं. तरी वाद शेवटच्या दिवसापर्यंत चालला. सभागृहात नायब राज्यपालांनी कार्टरना शपथ दिली, तेव्हा कुठे तो मिटला.

कार्टरनी प्रत्येक विधेयक वाचूनच मत द्यायचं ठरवलं, त्यासाठी वेगाने वाचायचा कोर्सही केला. ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते. त्या काळात गोदाम आणि हिशेब रोझॅलिन कार्टर चालवत होत्या, हे मात्र मागे राहतं. अर्धवेळ सिनेटर घरातल्या कुणाच्या तरी पूर्णवेळ कामावर उभा असतो.

जॉन्सन अटलांटाचे. आधी शिक्षक, मग वकील. 1907 नंतर जॉर्जियाच्या विधिमंडळात पाय ठेवणारे पहिले कृष्णवर्णीय. पण ‘पहिले’ हा शब्द इथे फसवा आहे. 1868 मध्ये, गुलामी संपल्यावर, तीसहून अधिक कृष्णवर्णीय सदस्य याच विधिमंडळात निवडून आले होते. सप्टेंबरमध्ये गोऱ्या बहुमताने त्यांना हाकललं. युक्तिवाद असा की संविधानाने त्यांना मताचा हक्क दिलाय, पद भूषवण्याचा नाही. रंग पुरेसा उजळ असलेले चौघे तेवढे राहिले. हाकललेल्यांत ट्यूनिस कॅम्पबेल हे सिनेटर होते, मूळ न्यू जर्सीचे धर्मोपदेशक. 1870 मध्ये ते परत सभागृहात आले. पण पुढे त्यांना तुरुंगात टाकून, भाड्याचा कैदी म्हणून मळ्यावर राबवलं गेलं.

जॉन्सन आले तेव्हा विधिमंडळाच्या इमारतीत नळांवर, स्वच्छतागृहांवर ‘गोरे’, ‘काळे’ अशा पाट्या होत्या. त्यांनी भाषण ठोकलं नाही. ते सरळ जाऊन गोऱ्यांच्या नळाचं पाणी प्यायले. पाट्या उतरल्या. मग ते मतांचं गणित शिकले: कुणाला कधी आपलं मत लागणार आहे आणि त्याबदल्यात काय मागायचं.

ते गणित 1970 मध्ये वेगळ्याच ठिकाणी कामी आलं. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे मुहम्मद अलीचा परवाना 1967 पासून काढून घेतलेला होता आणि कुठलंच राज्य त्याला रिंगमध्ये उतरू देत नव्हतं. जॉन्सनच्या ध्यानात आलं की जॉर्जियात राज्याचं मुष्टियुद्ध मंडळच नाही. शहराने परवानगी दिली की झालं. राज्यपाल लेस्टर मॅडॉक्सनी आदळआपट केली. 26 ऑक्टोबरला अटलांटामध्ये अली जेरी क्वेरीसमोर उभा राहिला, आणि तिसऱ्या फेरीअखेर क्वेरीच्या डोळ्यावरच्या जखमेमुळे लढत थांबवावी लागली.