आखूड होणारा दांडा

मोटारीच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत स्टिअरिंगचा दांडा म्हणजे एक सरळ पोलादी सळई होती. तिचं एक टोक पुढच्या चाकांजवळच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि दुसरं चालकाच्या छातीसमोर. समोरून धडक बसली की गाडीचं नाक चेपून मागे सरकायचं आणि त्यासोबत हा दांडा भाल्यासारखा आत घुसायचा. स्पोर्ट्‌स गाडीत चालक स्टिअरिंगला खेटून बसलेला, त्यामुळे त्याला मागे हटायला जागाच नसे.

या मृत्यूंना नशिबाचा खेळ न मानणाऱ्यांत ह्यू डी हेवन अग्रणी. पहिल्या महायुद्धात कॅनडात वैमानिकाचं शिक्षण घेताना तो विमान अपघातातून वाचला आणि माणूस नेमका कशावर आपटून जखमी होतो, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. १९४२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने अपघाती दुखापतींचा अभ्यास सुरू केला. पुढे तिथे मोटारींच्या अपघातांच्या नोंदी जमू लागल्या, तेव्हा जखमा करणाऱ्या भागांत स्टिअरिंग पहिल्या काहींतच निघालं. दरम्यान युरोपात मर्सिडीज-बेंझचा अभियंता बेला बारेनी याला सुरक्षित स्टिअरिंग दांड्याचं पेटंट १९६३ मध्ये मिळालं.

अमेरिकेत मात्र जनमताचा रेटा लागला. राल्फ नेडरचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ १९६५ मध्ये आलं, सप्टेंबर १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून एक ठोस नियम लागू झाला: ताशी ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तरी स्टिअरिंग १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांतच धडकेत आखूड होणारा दांडा बसवायला सुरुवात केली होती, त्यांतल्या नव्या शेव्हरोले कॅमेरोतही. जग्वार ई-टाइपला तो १९६८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मालिकेत मिळाला.

जनरल मोटर्सची रचना पाहण्यासारखी आहे. दांड्याभोवतीच्या नळीचा एक भाग जाळीदार पोलादाचा. छातीचा भार पडला की ही जाळी चुण्या पडत दबते आणि धक्क्याची ऊर्जा पिऊन टाकते. आतला दांडा एकसंध नसतो. एकात एक सरकणारे दोन तुकडे असतात आणि त्यांच्या भोकांत ओतलेलं प्लॅस्टिक त्यांना जागेवर धरून ठेवतं. रोजच्या वळणांत हे प्लॅस्टिक टिकतं, धडकेत तुटतं. डॅशबोर्डखाली नळी धरणारा कंसही असाच सुटणाऱ्या तुकड्यांवर टांगलेला. १९६९ पासून जाळीच्या जागी दोन नळ्यांमध्ये घट्ट बसवलेल्या पोलादी गोळ्या आल्या.

जुन्या गाडीच्या दुरुस्तीची खरी अडचण इथेच आहे. मेकॅनिकच्या हाताला सवय असते ती भाग मजबूत करण्याची. इथे तर ठरलेल्या जोरात मोडणं हेच त्या भागाचं काम. अडकलेलं स्टिअरिंगचं चाक काढायला दांड्याच्या टोकावर हातोडी मारली, तर आतलं प्लॅस्टिक तिथेच तुटतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिका बजावतात: पुलर वापरा, टोकावर ठोकू नका, कॉलम (नळीसकट सगळा दांडा) आपटू नका, सुटलेल्या कॉलमवर रेलू नका. प्लॅस्टिक तुटल्याची खूण म्हणजे चाकाला येणारी ढिलाई. त्यावर दोन तुकडे वेल्डिंगने जोडून टाकले, की ढिलाई जाते आणि १९६७ च्या आधीचा भाला परत येतो. चांगला कारागीर आधी जाळीची लांबी पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहतो, कंसाचे सुटते तुकडे जागेवरून हलले आहेत का ते तपासतो, आणि दांडा आखूड झालेला दिसला तर दुरुस्त न करता बदलतो.

भारतीय रस्त्यांनीही या विचाराचा एक साधा अवतार पाहिला आहे. कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ हेरल्ड १९५९ मध्ये आली आणि मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून इथे बांधली. तिच्याच सांगाड्यावर १९६२ ची स्पिटफायर ही छोटी स्पोर्ट्‌स गाडी उभी राहिली. दोघींच्या दांड्याचे दोन भाग एका चिमट्याने आवळलेले असत. चालकाच्या उंचीप्रमाणे चाक पुढेमागे करता येई आणि जोराच्या धक्क्यात ते भाग एकमेकांत सरकत. या गाड्यांत नळीच्या आतले बुश झिजतात आणि चाक वरखाली डुलू लागतं. नवे बुश घातले की काम भागतं. चिमट्याच्या जागी वेल्डिंगचा टाका मारण्याचं कारण उरत नाही.

अशी जुनी गाडी कुणी घेणार असेल, तर रंग आणि क्रोम पाहण्याआधी विजेरी घेऊन डॅशबोर्डखाली शिरावं. स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंगचा डाग दिसला, तर तो दांडा बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.