मळ्या

आमच्या घरामागचा ओढा डोंगरातून उतरतो आणि गावाखाली इंद्रायणीला मिळतो. इंद्रायणी पुढे भीमेला जाते. या ओढ्यात लहानपणी आम्ही मळ्या धरायचो. बोटाएवढा मासा, खालच्या ओठामागे गोल गादी, तिनं तो दगडाला चिकटून राहायचा. पाणी कितीही जोराचं असो, हा हलायचा नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून जगायचा.

पुढे कळलं, की या माशाचं नाव जगाच्या शास्त्रात आपल्याच बोलीतलं आहे. विल्यम सायक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत होता. भीमेच्या खोऱ्यातले मासे त्यानं गोळा केले, आणि अनेकांना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच ठेवली. त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं १८४१ साली छापला. आजही शास्त्रज्ञ ‘गारा मुल्या’, ‘टॉर खुद्री’ असंच लिहितात. नावं टिकली. आमच्या ओढ्यातला मळ्या मात्र गेला.

गावात विचारा, लोक म्हणतील, मासे खाऊन संपले. मला ते पटत नाही. माझा आजा काही साधुसंत नव्हता. मृगाचा पहिला पाऊस पडला, की मासे अंडी घालायला वर चढायचे. या वलगणीला आजा रात्रभर कंदील घेऊन ओढ्यात असायचा, सकाळी वाड्यात टोपलीभर मासे. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच यायचे. म्हणजे खाण्यानं ते संपत नव्हते.

संपले ते जमिनीच्या कामानं, आणि त्यात आमच्या घराचाही हात आहे. वडलांनी काठावरची करंजं आणि उंबर तोडून पाच गुंठे वाढवले. आजा ओरडला होता, “आरं, पाण्याच्या अंगाला कुदळ लावू नगं, वढा रुसंल.” कुणी ऐकलं नाही. पुढे मी स्वतः जेसीबी लावून ओढ्याची दोन वळणं मोडली, दगड उचलून बांधाला घातले. शेत चौकोनी झालं म्हणून पेढे वाटले.

मग वरच्या डोंगरावर प्लॉट पडले. उतार फोडून रस्ते झाले. पहिल्या पावसात ओढा तांबडा वाहिला. पूर्वी पाऊस मातीत मुरून पाझरायचा. आता छपरांवरून, रस्त्यांवरून सरळ खाली येतो. ओढा तासाभरात फुगतो, तासाभरात ओसरतो. १९७२ च्या दुष्काळात ज्या डोहावर आम्ही हंडे भरले, तो डोह आता मार्चमध्ये कोरडा पडतो.

मळ्याचं काय झालं ते तेव्हा उमजलं. सुटलेली माती दगडांच्या फटीत बसली. फटीतलं पाणी खेळायचं थांबलं, की तिथली अंडी गुदमरतात, किडे मरतात. शेवाळ गाळाखाली जातं. खरवडायला काही उरत नाही. सावली गेल्यानं पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. खाली बंधारा झाला. वलगणीचे मासे त्याच्या भिंतीला धडका देऊन माघारी जातात.

बंधाऱ्याच्या साचल्या पाण्यात चिलापी मात्र भरपूर. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये आपल्या देशात आणला. कोमट, गढूळ, उभं पाणी त्याला चालतं. जाळं भरतं, त्यामुळे पोरं म्हणतात, “मासे हायेत की!” त्यांना कसं सांगू, की एक मासा असणं आणि ओढा जिता असणं वेगळं?

तीन वर्षांपूर्वी मी काठाची दहा फुटांची पट्टी पडीक सोडली. शेजारी हसले. करंज लावले, वाळा लावला. बांधातले मोठे दगड पोरांना घेऊन पुन्हा पात्रात लोटले. डोंगरावरचे प्लॉट माझे नाहीत, बंधाराही नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

मळ्या अजून खाली आलेला नाही. पण वर, देवराईखालच्या कुंडात तो आहे. मागच्या श्रावणात मी स्वतः पाहिला, दगडाला चिकटलेला. तिथून माझ्या शेतापर्यंत पाण्याची वाट मोकळी आहे. दर पावसाळ्यानंतर मी दगडांवरून हात फिरवून बघतो, गाळ लागतो की शेवाळ. यंदा एका दगडाला शेवाळ लागलं.