चित्रपटातील वादक : दृश्य आणि ध्वनी यांतील अंतर

चित्रपटात वाद्य वाजविताना दिसणारा वादक खरोखरच वाजवीत असतो काय, या प्रश्नाचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात शोधावे लागते. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाच्या काळी गाणे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होई. वादक प्रत्यक्ष वाजवीत, परंतु कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर राहून. १९३५ मधील ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायनाची पद्धत रुजू लागली आणि ही स्थिती उलटली. आधीच मुद्रित झालेल्या गाण्यावर नट पडद्यावर वादनाचा केवळ अभिनय करू लागला.

या संदर्भात भगवान यांचा ‘अलबेला’ (१९५१) उल्लेखनीय ठरतो. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले होते. त्यांचे सहायक, गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. येथे वादक खरा आहे. दिसणारा क्षण मात्र वादनाचा नव्हे.

सारांश, पडद्यावरील वादन ऐतिहासिक पुरावा म्हणून स्वीकारताना चित्र व ध्वनी यांची स्वतंत्र छाननी करणे आवश्यक आहे. अन्यथा श्रेयनामावलीतही स्थान न मिळालेल्या असंख्य वादकांचे कर्तृत्व अभिनेत्याच्या नावे जमा होते.