जवसाची साय

आपल्याकडे जमीन म्हणजे शहाबादी, कोटा नाहीतर मोझॅक. एकदा बसवली की दोन पिढ्या बघायला नको. इथे ब्रिटनमध्ये जुन्या घरांच्या वरच्या मजल्याची जमीन म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. चालताना करकरतात, जराशा लवतातही. त्यावर दगड बसवायचा म्हणजे वजन वाढणार आणि सांधे फुटणार. म्हणून इथल्या लोकांनी जमिनीवर काहीतरी अंथरायचं ठरवलं.

नवीन फ्लोअरिंग निवडताना दुकानात 'लायनो' मागून बघा. दुकानदार हमखास व्हिनाइलचे रोल उलगडतो. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, प्लास्टिक. खरं लायनो, म्हणजे लिनोलियम, जवसाच्या तेलाचं असतं. दोघांचं नातं काही नाही, नाव मात्र एकच! हा घोळ आजचा नाही.

फ्रेडरिक वॉल्टन (१८३४-१९२८) नावाचा एक इंग्रज संशोधक होता. असं सांगतात की १८५५ मध्ये रंगाच्या उघड्या डब्यावर जमलेली साय त्याने पाहिली. ती रबरासारखी लवचिक होती. रसायनशास्त्र सोपं आहे: जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं, त्यातले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन घेतात आणि रेणू एकमेकांना जखडले जातात. तेल वाळत नाही, ते हवेशी जोडलं जातं. त्या काळी जमिनीसाठी कॅम्प्टुलिकॉन नावाचा प्रकार चाले, रबर आणि बुचाच्या भुश्याचा. रबर महाग. वॉल्टनने रबराच्या जागी ही साय वापरली.

साय मुबलक मिळवणं हे खरं इंजिनियरिंग. उंच शेडमध्ये सुती कापडाचे लांब पडदे टांगायचे, त्यावरून तेल सोडायचं, वाळलं की पुन्हा सोडायचं. आठवडेच्या आठवडे. मग ती जाड साय खरवडून राळ, डिंक, बुचाचा भुसा आणि रंग मिसळून तागाच्या कापडावर लाटायची. १८६३ मध्ये पेटंट, १८६४ मध्ये लंडनजवळ स्टेन्सला कारखाना. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल, म्हणून लिनोलियम.

आता आपला भाग. तेव्हा भारतातून ब्रिटनला भरपूर जवस जायचा. मध्य प्रांतातला, म्हणजे नागपूरकडचा माल रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने. बंगालचा ताग डंडीला. आपण ज्याची चटणी करून भाकरीबरोबर खातो, तो जवस साहेबाच्या घरी रंग आणि फरशी होऊन पायाखाली यायचा. शेतकऱ्याला याचा पत्ता असण्याचं कारणच नव्हतं. शाळेच्या इतिहासात आपण कापूस आणि नीळ शिकलो, जवस कुणी शिकवला नाही!

१८७७ मध्ये पेटंट संपलं आणि स्कॉटलंडमधल्या कर्कॉडीच्या (स्पेलिंगमधला एल बोलायचा नाही) नेर्न कंपनीने लगेच लिनोलियम बनवायला घेतलं, नावासकट. वॉल्टनच्या कंपनीने दावा लावला. १८७८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो नेर्नच्या बाजूने: या वस्तूला दुसरं नावच नाही, तेव्हा पेटंट संपल्यावर ते कुणीही वापरावं. कायद्याच्या दृष्टीने मला हा निकाल पटतो, पण वॉल्टनची चुटपूट कळते. डाल्डाला वनस्पती तूप न म्हणणारे आपण, आपल्याला ते समजायला हवं.

पुढे कर्कॉडी लिनोलियमचंच गाव झालं. रेल्वेतून उतरायच्या आधी तेलाचा वास यायचा म्हणे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त व्हिनाइल आलं आणि बाजार बसला. (जुनं घर घेणाऱ्यांसाठी एक सूचना: १९५०-७० च्या काळातल्या टाइल्समध्ये आणि खालच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. तपासल्याशिवाय खरवडू नका.)

आम्ही स्वयंपाकघरासाठी खरं लिनोलियम निवडलं. महाग पडलं, आणि नवं असताना काही दिवस घरभर तेलाचा वास होता. कर्कॉडीत ते आजही बनतं. स्टेन्सचा कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. तिथे आता दुकानं आहेत, आणि गावातल्या मुख्य रस्त्यावर दोन कामगारांचा पुतळा आहे, खांद्यावर लायनोचा रोल घेतलेला.