आपद्धर्म आणि मैत्री

आपल्या समाजात दयेची वाण कधीच नव्हती. पाणपोया होत्या, अन्नछत्रे होती, धर्मशाळाही होत्या. त्यांच्या दारापाशी कोणाला थांबवले जात होते, हा प्रश्न मात्र दयेचे गोडवे गाणाऱ्यांनी क्वचितच विचारला. म्हणून परोपकाराचा विचार करताना आधी त्याचा इतिहास तपासला पाहिजे.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात पीक बुडाले तेव्हा भुकेल्या उषस्तीने हत्तीवाल्या माणसाचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. पाणी मात्र नाकारले. कुळीथ खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी काय, हवे तेथे मिळेल, असा त्याचा खुलासा. आपद्धर्म म्हणतात तो हाच. संकटापुरता नियम सैल करायचा आणि जीव वाचताच पुन्हा घट्ट आवळायचा.

उल्हासनगरचा जन्मच एका महासंकटातून झाला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली या कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. उघड्यावर पडलेल्या माणसांना छप्पर मिळाले, हे मोठेच काम होते. पण त्याच फाळणीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. डिसेंबर १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून दोन गोष्टी मांडल्या. सफाईची कामे करणाऱ्या अस्पृश्यांना पाकिस्तान सरकार 'अत्यावश्यक' ठरवून अडवून ठेवते आहे. आणि पूर्व पंजाबात पोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांशी छावण्यांतील अधिकारी भेदभाव करीत आहेत. म्हणजे देश फाटला, घरे गेली, तरी जात शाबूत राहिली. संकट आपोआप माणुसकी शिकवते, हा समज येथे खोटा पडतो.

तरीही संकटात माणूस माणसाला धरतो, हेही तितकेच खरे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आले. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. २७ तारखेला सारे प्रवासी सुखरूप बाहेर आले. बोटीत चढणाऱ्याला हात देताना जात विचारायला कोणाला सवड नसते.

प्रश्न पाणी ओसरल्यानंतरचा आहे. तोच हात दुसऱ्या दिवशी भाड्याची खोली देताना आडनाव विचारणार असेल, अंबरनाथच्या कारखान्यात डबा उघडताना बाजूला सरकणार असेल, गटारात उतरलेल्या कामगाराला पाण्याचा पेला देताना आखडणार असेल, तर पुरातली ती माणुसकी उषस्तीच्या कुळथाहून वेगळी नाही.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो पूर आला म्हणून किंवा दुष्काळ पडला म्हणून नव्हे. साध्या दिवशी, रोजच्या तहानेसाठी केला. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेलेली माणसे दयेचे पाणी मागायला गेली नव्हती. ती आपला हक्क बजावायला गेली होती. या दोन घटना एकत्र ठेवल्या की रोजच्या सौजन्याची खरी व्याख्या हाती लागते. समोरच्याचा हक्क मान्य करून केलेली कृती म्हणजे सौजन्य. हक्क नाकारून केलेली दया म्हणजे भीक.

म्हणूनच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब करुणेपाशी थांबत नाहीत, मैत्रीपर्यंत जातात. करुणेला दुःखी माणूस लागतो. मैत्रीला फक्त माणूस पुरतो. ती पुराची वाट पाहत नाही. लोकलच्या बाकावर सरकून दिलेली जागा, सफाई कामगाराला 'अहो' म्हणून मारलेली हाक, शेजाऱ्याच्या डब्यातला निःशंकपणे घेतलेला घास, या गोष्टी क्षुल्लक नाहीत. संविधानातील बंधुता हा शब्द जगायचा असेल तर तो येथूनच जगावा लागेल. आपद्धर्माने माणसे वाचतात. समाज घडायचा असेल तर मैत्री हा नित्यधर्म झाला पाहिजे.