बाळाची झोप आणि पहिल्या वर्षातले विकासटप्पे (वेलचेरी, चेन्नई)

जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाची झोप कशी बसत जाते, त्या काळात ते काय काय करू लागते आणि घरची माणसे त्याला झोपेची सवय कशी लावतात, याविषयीची नोंद. वेलचेरी हा दक्षिण चेन्नईतला, पळ्ळीकरणै पाणथळीजवळचा भाग. २००७ साली इथवर एमआरटीएस रेल्वे आली. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर आयटी कंपन्या वाढल्या, तशी परप्रांतांतली नोकरदार जोडपी इथल्या फ्लॅटांत राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बाळंतपणाला आलेली आजी इथे पाळणा शोधते, तर शेजारीण छताच्या कडीकडे बोट दाखवते.

त्या कडीला तूळी बांधतात. तूळी म्हणजे जुन्या, मऊ सुती साडीची झोळी. बऱ्याच घरी कडी आणि कापड यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते आणि तोंडाशी कापड पसरून ठेवायला आडवी लाकडी पट्टी. हलक्या हाताने खाली ओढून सोडले की बाळ बराच वेळ वर-खाली झुलते. आपली झोळी आडवी झुलते, फरक तेवढाच. नाहू-माखू घालून तूळीत ठेवलेले बाळ दुपारी गाढ झोपते. न्हाणानंतर इकडे सांब्राणीचा धूर देतात, आपल्याकडे धुरी. बाळाच्या श्वासनलिकेला दोन्ही नकोत. मोहरीची उशीही नको. बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-दुलई न ठेवता झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तूळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकू शकते. म्हणून रात्रभराच्या झोपेला ती योग्य नाही आणि बाळ वळू लागल्यावर तर दिवसाही नको.

नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान असते आणि दिवस-रात्रीचे शारीरिक घड्याळ साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लागू लागते. झोपेचे एक आवर्तन तासाभराचे किंवा त्याहून थोडे कमी. निम्मी झोप चळवळी असते: बाळ कण्हते, हातपाय हलवते, तोंड वेडेवाकडे करते आणि तरीही झोपलेलेच असते. अशा वेळी घाईने उचलले की नाहक जागे होते. अमेरिकेतल्या निद्राविज्ञान अकादमीने २०१६ साली ४ ते १२ महिन्यांच्या बाळांसाठी डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप सुचवली. चार महिन्यांखालच्या बाळांसाठी मात्र आकडा दिलाच नाही, कारण त्या वयात सर्वसामान्य झोपेतही फार तफावत असते.

झोपेची शिस्त लावण्याची जी पद्धत इंटरनेटवरून घरोघरी पोचली, ती मुख्यतः रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकातली. बाळाला जागेपणी अंथरुणावर ठेवायचे, रडले तर ठरावीक आणि हळूहळू वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यायचा. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अशा उपायांनंतर पाच वर्षांनी मुलांची पाहणी झाली (प्रसिद्धी २०१२). कायमचा अपाय दिसला नाही आणि कायमचा फायदाही नाही. पद्धतीचा धसका घेणाऱ्यांनी आणि तिचे वर्ग चालवणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावे. शिवाय तिला वेगळी खोली लागते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १७ देश-प्रदेशांच्या तुलनेत न्यूझीलंडमधली बाळे सरासरी साडेसातला झोपताना दिसली, हाँगकाँगमधली सव्वादहाला. भारतासह आशियाई घरांत बहुतेक बाळे आईवडिलांच्याच खोलीत. आठला ऑफिसातून परतणाऱ्या बापाच्या घरी साडेसातची वेळ पाळायची कशी? रोजची एकच वेळ, मंद दिवा, तोच क्रम आणि तीच अंगाई एवढे मात्र कुठल्याही घरी जमते.

गोंधळ होतो सहाव्या महिन्याच्या पुढे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे आई कामावर परतते ती नेमकी बाळ बसायच्या, रांगायच्या बेतात असताना. नवे कौशल्य येऊ लागले की झोप मोडते. बाळ रात्री पालथे पडते आणि परत वळता येत नाही म्हणून रडते. पुढे कठडा धरून उभे राहते आणि बसायचे कसे ते कळत नाही. झोक्यावरच डोळा लागायची सवय असलेले बाळ आवर्तन संपताच पुन्हा झोका मागते, हा तूळीचा दुसरा तोटा.

टप्प्यांच्या तारखा नसतात, मुदती असतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली ८१६ बाळे पाहून २००६ साली त्या मांडल्या: आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६. सुमारे ४ टक्के बाळे अशी रांगलीच नाहीत. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्या आजीला हे आकडे जरूर दाखवावेत. भारतीय बाळांचे निकष प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात सिद्ध केले. १९९१ चा १७ बाबींचा त्रिवेंद्रम तक्ता त्याच बडोदा निकषांवरून निवडलेला आहे. त्यात हसणे, मान धरणे, वस्तू या हातातून त्या हातात घेणे, टाळ्या वाजवणे अशा घरी दिसणाऱ्या गोष्टी आहेत. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात, नाहीतर उगाच चिंता वाढते.

तीन महिन्यांनंतरही ओळखीचे हसू नाही, पाचव्या महिन्यात मान धरत नाही, दहाव्यापर्यंत बसत नाही, वर्षाचे होईतो बडबडत नाही किंवा येत असलेली गोष्ट करेनासे झाले, तर वाट पाहू नये. वेलचेरीकरांना एग्मोरचे सरकारी बालरुग्णालय आहे आणि किनारी रस्त्यावर मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे लहान बाळांची तपासणी आणि उपचार होतात.